हात कुठे लागला होता?

क्लचप्लेट बदलून गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ घेईना. टायमिंग बेल्ट नवा टाकला आणि मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं, आवाज गेला, पण एबीएसचा दिवा सोबत घेऊन गाडी परत आली. गाडी बाळगणाऱ्या घरात यातली एखादी तक्रार असतेच आणि ती सांगायची पद्धतही ठरलेली असते: "आधी हे नव्हतं." मिस्त्री म्हणतो, मी वायरिंगला हातच लावला नाही. मालक म्हणतो, मग हे आलं कुठून? बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात, आणि तरीही बिघाड असतोच.

संपादकांनी यंदा 'दुरुस्ती' हा विषय दिला, तेव्हा दुरुस्तीतूनच उगवणारी ही नादुरुस्ती जवळून पाहायची ठरवलं. त्यासाठी मोठ्या शहरातलं काचेचं वर्कशॉप नको होतं. तिथे ग्राहकाला खुर्ची आणि चहा मिळतो, गाडीचं बॉनेट मात्र भिंतीपलीकडे उघडतं. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडमध्ये सगळं रस्त्याच्या कडेला चालतं आणि पाहणाऱ्याला कोणी हाकलत नाही.

चार वेशी आणि एक इंटरचेंज

दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस अशा चार वेशींचं हे जुनं व्यापारी गाव. श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांचं, आणि जुन्या जैन मंदिरांमुळे जैनांचंही. गुरुमंदिरात येणाऱ्या गाड्या पुण्या-नागपूरच्या असतात तशा गाणगापूरकडून येणाऱ्या कर्नाटक पासिंगच्याही असतात. गावातल्या गाड्यांच्या पाटीवर एमएच 37 असतं, पण गॅरेजसमोर उभ्या गाड्यांत परगावच्या पाट्या कमी नसतात.

त्यात समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, आणि 5 जून 2025 पासून 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. कारंजाला त्याचा इंटरचेंज आहे. गॅरेजच्या दृष्टीने या रस्त्याचं महत्त्व वेगळंच आहे. गावातल्या गावात चाळीसच्या वेगाने फिरणारी गाडी आपले दोष झाकून ठेवते. तीच गाडी तास-दोन तास शंभर-एकशेवीसने पळाली की इंजिनाचा कप्पा तापतो, कंप वाढतो, आणि अर्धवट बसलेला कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा, किंवा घासत असलेली वायर आपलं काम दाखवते. दुरुस्ती झालेली असते संभाजीनगरला किंवा नाशिकला, आणि तिचा परिणाम उतरतो कारंज्यात. इथल्या वायरमनला मग ज्या मिस्त्रीने गाडी खोलली त्याला विचारायचीही सोय नसते.

दोन दुकानं, एक गाडी

मूर्तिजापूर, दारव्हा, मंगरूळपीर अशा कुठल्याही रस्त्याने गावाबाहेर निघालं तरी क्रम साधारण तोच दिसतो. पंक्चरवाला, वॉशिंग सेंटर, बॅटरीचं दुकान, डेंटिंग-पेंटिंगवाला, मेकॅनिकचं गॅरेज, आणि जरा बाजूला ऑटो इलेक्ट्रिशियन. त्याला कोणी वायरमन म्हणतं, कोणी सेल्फ-डायनमोवाला. डायनमो गाड्यांतून जाऊन अल्टरनेटर आला त्याला जमाना झाला, पण दुकानाच्या पाटीवर डायनमो टिकून आहे.

मेकॅनिक आणि वायरमन ही विभागणी जुनी आहे. एसटीच्या आगारातसुद्धा यांत्रिक वेगळा आणि विजतंत्री वेगळा. अँबॅसॅडर आणि पद्मिनीच्या काळात ही वाटणी सोयीची होती. इंजिन उतरवताना मोजक्या वायरी सोडाव्या लागत, आणि त्यांतली एखादी चुकली तर लगेच कळे, कारण एकतर हॉर्न वाजत नसे किंवा गाडी सुरूच होत नसे. मिस्त्री पान्याने काम करी, वायरमन टेस्टरच्या दिव्याने, आणि दोघांच्या हद्दी ठरलेल्या होत्या.

त्या हद्दी आता राहिल्या नाहीत. आज साध्या हॅचबॅकच्या गिअरबॉक्सवरही रिव्हर्स लाइटचा स्विच, काही गाड्यांत वेगाचा सेन्सर, जवळच फ्लायव्हीलचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर, सेल्फची जाड केबल आणि बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी असते. क्लचप्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली घ्यायचा, आणि गिअरबॉक्स खाली घ्यायचा म्हणजे यातल्या प्रत्येक वस्तूला हात लावायचा. काम यांत्रिकच, पण ते करताना अर्धा डझन विजेचे सांधे सुटतात आणि पुन्हा जुळतात. "वायरिंगला हात लावला नाही" असं मिस्त्री म्हणतो तेव्हा त्याला एवढंच म्हणायचं असतं की मी वायर कापली नाही. काढून पुन्हा बसवलेला कपलर त्याच्या हिशेबात धरलेलाच नसतो.

म्हणून इथला जाणता वायरमन बॉनेट उघडण्याआधी मालकाला बोलतं करतो. "पहिले हे सांगा, गाडी खोलली कोनं आन् कोठी कोठी हात लागला?" मालक सांगतो, सेल्फ घेत नाही. वायरमनला ते नंतर ऐकायचं असतं. आधी कोणतं काम झालं, किती दिवसांपूर्वी, त्यानंतर गाडी धुतली का, बॅटरी काढली होती का, बिघाड लगेच आला की चार दिवसांनी, गरम झाल्यावर येतो की थंड असताना. अर्धं निदान या प्रश्नोत्तरांतच होऊन जातं.

पाना घट्ट, अर्थ ढिली

पाहिलेल्या कामांपैकी एक इथे नीट सांगतो. नऊ-दहा वर्षांची डिझेल हॅचबॅक, क्लचचं काम बाहेरगावी झालेलं. चावी फिरवली की 'टक' आवाज, पुढे काही नाही. मधेच एखाद्या वेळी सेल्फ रडतखडत फिरे आणि गाडी सुरू होई. मालकाने बॅटरी संशयावरून बदलून टाकली होती. नवी बॅटरी, आणि आवाज तोच.

वायरमनने हेडलाइट लावायला सांगितला आणि मग चावी फिरवायला. 'टक' झालं, पण हेडलाइटचा उजेड जवळपास तसाच राहिला. त्याच्या दृष्टीने इथेच बॅटरी सुटली. बॅटरी खचलेली असती किंवा सेल्फ जाम असता तर दिवे एकदम मंद झाले असते. दिवे प्रखर आणि सेल्फ गप्प, याचा अर्थ बॅटरीत जोर आहे पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही, किंवा पोचून परत येऊ शकत नाही.

परत येण्याचा रस्ता सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. घरात फेज आणि न्यूट्रल अशा दोन वायरी असतात. गाडीत लाल वायर तेवढी वेगळी ओढलेली असते, परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. बॅटरीची काळी केबल बॉडीला आणि इंजिन-गिअरबॉक्सला जोडलेली असते, आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे त्याला बॉडीशी जोडायला तांब्याच्या विणलेल्या पट्टीची गरज लागते. त्या पट्टीचा बोल्ट गिअरबॉक्सवर असतो आणि गिअरबॉक्स उतरवताना तो सोडावाच लागतो.

वायरमनने आधी मल्टिमीटरच्या बीपवर पट्टी तपासून दाखवली. मीटर बिनदिक्कत वाजला. सांधा जुळलेला आहे, असं तो सांगत होता. ही चाचणी फसवी आहे. मीटर आपल्या छोट्या सेलमधून नाममात्र प्रवाह सोडतो, तेवढ्याला तांब्याचा एक तंतूही पुरतो. सेल्फ फिरताना मात्र त्याच रस्त्याने दीडशे-दोनशे अँपिअर जायचे असतात. सांध्यात 0.02 ओहम इतका क्षुल्लक अडथळा असला तरी दीडशे अँपिअरला तिथे तीन व्होल्ट अडकतात. बाराच्या बॅटरीतले तीन वाटेतच गेले तर सेल्फला ताकद कुठून येणार? आणि 0.02 ओहम साध्या मीटरला दिसतच नाहीत, त्याच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा त्याहून जास्त असतो.

मग त्याने मीटर डीसी व्होल्टवर घेतला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवली. टर्मिनलच्या क्लिपवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर दाबली आणि हेल्परला चावी मारायला सांगितलं. इंजिन आणि निगेटिव्ह ही एकच जागा मानली जाते, त्यामुळे इथे आकडा शून्याजवळ यायला हवा, फार तर 0.2. मीटरने तीनच्या आसपास दाखवला. खात्रीसाठी जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या हुकाला लावलं आणि चावी फिरवली. सेल्फ खणखणीत फिरला.

बोल्ट काढला तेव्हा कारण हातात आलं. गिअरबॉक्सचे बोल्ट लहान-मोठे असतात आणि जोडताना ते अदलाबदल झाले होते. पट्टीच्या जागी नेहमीपेक्षा लांब बोल्ट गेला होता. तो भोकाच्या तळाला जाऊन टेकला, पान्याला घट्ट लागला, पण डोक्याखालचा लग, म्हणजे पट्टीच्या टोकाचं कडं, पुरता दाबला गेलाच नाही. त्यात लगखाली ग्रीस आणि मातीचा थर. वायरमनने पॉलिश पेपरने लग आणि जागा घासून चमकवली, योग्य मापाचा बोल्ट शोधून बसवला आणि पुन्हा मीटर धरला. आकडा 0.1 वर आला. "बॅटरी उगीच घेतली ना भाऊ," एवढंच तो मालकाला म्हणाला.

या बिघाडाची आणखी एक खोड आहे. मोठी वाट बंद झाली की करंट लहान वाटा शोधतो. जुन्या गाड्यांत तो अॅक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या केबलमधून परत जायला पाहतो, आणि त्या केबली तापून वितळायला लागतात. मालक नवी केबल टाकतो. पंधरा दिवसांत तीही जळते.

कपलर, क्लिप आणि वैशाख

विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि बंद बॉनेटखाली त्याच्या वर बरंच काही चढतं. सात-आठ उन्हाळे सोसलेल्या प्लॅस्टिकच्या कपलरची जीभ दाबली की तुटते. क्लिप तुटलेला कपलर बसतो, पण लॉक होत नाही. 'टिक' असा आवाज आला तर तो बसला. घाईत, इंजिनाच्या मागच्या बाजूला, हाताने चाचपून बसवताना तो आवाज आला की नाही हे कोणी ऐकत नाही. मग गाडी गॅरेजमधून नीट निघते आणि गतिरोधकांच्या तिसऱ्या-चौथ्या दणक्याला बंद पडते.

कोणत्या कामानंतर काय बिघडतं याची इथल्या वायरमनला जवळपास यादीच पाठ असते. गिअरबॉक्सचं काम झालं आणि स्पीडोमीटर शून्यावर, स्टिअरिंग जड, तर वेगाच्या सेन्सरचा कपलर पाहायचा, कारण काही गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग वेगाच्या खबरीवर चालतं. सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर क्रँक सेन्सर. चाकाच्या बेअरिंगनंतर एबीएसचा दिवा, तर सेन्सरची वायर ताणली गेली का ते पाहायचं, आणि वायर ठीक असेल तर बेअरिंग कोणत्या बाजूने ठोकलं ते. हल्लीच्या बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडं असतं. ती बाजू सेन्सरकडे आली नाही तर बेअरिंग उत्तम फिरतं आणि सेन्सरला मात्र चाक थांबलेलंच दिसतं. स्टिअरिंग रॅक उतरवल्यावर हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू, तर रॅक बाहेर असताना स्टिअरिंग कोणीतरी फिरवलं. त्याच्या आतली गुंडाळलेली पट्टी, जिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, मध्यावरून सरकते आणि पुढच्या पूर्ण वळणाला तुटते. सीट काढल्यावर एअरबॅगचा दिवा, तर सीटखालचा पिवळा कपलर. त्याला हात लावायचा तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं, हा नियम सर्वांनाच माहीत असतो. पाळतात थोडे.

सर्वांत चिवट प्रकार चेपलेल्या वायरीचा. गिअरबॉक्स इंजिनाला भिडवताना हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या जुडग्याचा, एखादा पदर मधे सापडतो. त्या दिवशी काही होत नाही. आवरण हळूहळू घासतं, तांबं उघडं पडतं, आणि महिन्याभराने एक फ्यूज वारंवार उडायला लागतो. इथे वाईट सवय आड येते. लाल, म्हणजे दहा अँपिअरचा फ्यूज उडतो म्हणून पिवळा, वीसचा घातला जातो, नाहीतर सरळ वायरचा तुकडा. फ्यूज जळायचा तो जळत नाही, आणि त्याच्याऐवजी वायरिंग जळतं. चांगला वायरमन उडणाऱ्या फ्यूजच्या जागी बल्ब जोडतो. शॉर्ट असेतो बल्ब पेटलेला राहतो. मग इंजिनावरचा हार्नेस एकेका ठिकाणी हलवत जायचं. बल्ब विझला की जागा सापडली.

स्कॅनर गल्ली सांगतो

कारंज्यासारख्या गावातही आता स्कॅनर आले आहेत. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला ते लावायचे. हे सॉकेट अमेरिकेत 1996 पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीचं झालं, आपल्याकडे बीएस-4 गाड्यांबरोबर रुळलं, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर त्याच्यावाचून पान हलेनासं झालं. स्कॅनरवर कोड उमटतो आणि मालकाला वाटतं, निदान झालं. पण स्कॅनर गल्ली सांगतो, घर सांगत नाही. 'क्रँक सेन्सर सर्किट' असा कोड आला म्हणजे सेन्सर गेला असं नाही. सेन्सर, त्याची वायर, कपलर, अर्थ, सेन्सर आणि दात्यांमधलं अंतर, यांपैकी काहीही असू शकतं. सेन्सर बदलणं सर्वांत सोपं, म्हणून तोच बदलला जातो.

उलटंही घडतं. टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर पी0016 हा कोड येतो. क्रँक आणि कॅम या दोन सेन्सरांच्या खबरी जुळत नाहीत, असा त्याचा अर्थ. दोन्ही सेन्सर बदलले तरी तो येतच राहतो, कारण सेन्सर खरं बोलत असतात. बेल्ट एक दाता चुकून बसलेला असतो. बिघाड विजेच्या भाषेत बोलतो आणि असतो मात्र पूर्णपणे यांत्रिक. अशी गाडी वायरमनकडून पुन्हा मिस्त्रीकडे जायला हवी, आणि नेमकं तेच जमत नाही, कारण "तुमचा बेल्ट चुकला" हे सांगायचं कोणी?

कधी एकदम पाच-सहा दिवे लागतात आणि स्कॅनर सांगतो की अमुक कॉम्प्युटरशी बोलणं होत नाही. गाडीतले कॉम्प्युटर कॅन नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत 1986 साली जगापुढे मांडली. या वायरींच्या दोन टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे बॅटरी काढून सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये मीटर धरला तर 60 ओहम दिसायला हवेत. 120 दिसले तर कुठेतरी एक टोक सुटलंय, शून्याजवळ दिसले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. साध्या मीटरने ही तपासणी होते. महागड्या स्कॅनरशिवाय नवी गाडी पाहताच येत नाही, हा समज त्यामुळे निम्माच खरा आहे.

जुन्या युक्त्या, नवी गाडी

मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावर कारंज्यातून जाणारी शकुंतला रेल्वे 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. त्या इंजिनाचा बिघाड कानाला ऐकू येई आणि डोळ्याला दिसे. मोटारीच्या धंद्यातल्या जुन्या पिढीचा हातही असाच डोळ्या-कानांवर तयार झाला. त्या पिढीने शिकवलेल्या काही युक्त्या मात्र आता घातक ठरतात.

गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल उपसायचं, इंजिन चालू राहिलं तर चार्जिंग चांगलं, ही त्यातली सर्वांत लाडकी. बॅटरी लाटा शोषून घेण्याचं काम करते. ती अचानक निघाली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर ऐंशी-शंभरपर्यंतही उसळू शकतो, आणि त्या क्षणात इंजिनाचा कॉम्प्युटर बाद होऊ शकतो. मीटर लावून इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट येतात का, एवढं पाहिलं तरी तेच उत्तर मिळतं. डेंटिंगच्या वेळी बॅटरी न सोडता वेल्डिंग मारणं, इंजिनाचं काम झाल्यावर गाडी चकाचक द्यायची म्हणून प्रेशरच्या पाण्याने कपलर धुऊन काढणं, याच जातीचे प्रकार.

शोधण्याचे पैसे

हे सगळं माहीत असलेली माणसं गावात आहेत. तरीही मालक बॅटरी, सेन्सर, केबल असं एकामागून एक बदलत राहतो. त्याचं कारण दराच्या पद्धतीत आहे. वस्तूला पैसे मिळतात, बसवण्याला मिळतात, शोधण्याला मिळत नाहीत. तासभर मीटर धरून वायरमनने ढिला बोल्ट शोधला आणि आवळला, की मालक म्हणतो, एक बोल्ट तर आवळला, त्याचे कसले पैसे? त्याच मालकाने त्याआधी न लागणाऱ्या बॅटरीचे काही हजार मुकाट्याने दिलेले असतात, कारण तिथे हातात वस्तू आली होती. अशा व्यवहारात शोधण्यापेक्षा बदलणं फायद्याचं ठरतं, आणि नवं पोरगं उस्तादाकडून तेच उचलतं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेल्या मुलाला व्होल्टेज ड्रॉप पुस्तकातून माहीत असतो. तो मोजायला लागणाऱ्या वेळेचे पैसे मिळणार नसतील, तर मीटर पेटीतच राहतो.

यातलं बरंच मालकाच्या हातात आहे. मोठं काम करून घेताना मिस्त्रीकडून बिलामागे चार ओळी लिहून घ्याव्यात: काय खोललं, कोणते कपलर सोडले, अर्थ कुठली काढली, बॅटरी काढली होती का. सोडण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढायला सांगावेत. गाडी ताब्यात घेताना हॉर्न, रिव्हर्स लाइट, स्पीडोमीटर आणि मीटरमधले दिवे तिथेच पाहावेत, मिस्त्रीसमोर. आणि बिघाड आलाच, तर वायरमनकडे जाऊन "बॅटरी पाहा" असं न म्हणता काय काय झालं ते पहिल्यापासून सांगावं.

कारंज्यातल्या त्या वायरमनने बोल्टचे किती घेतले, हे विचारलं. बोल्ट त्याने भंगाराच्या डब्यातून दिला होता, त्याचे काहीच नाही. तपासणीचे मात्र त्याने ठरवून मागितले आणि मालकाने थोडी कुरकुर करून दिले. बिलबुकात लिहिताना त्याने वस्तूच्या रकान्यात 'फॉल्ट शोधला' असं लिहिलं, कारण त्या छापील पुस्तकात शोधण्यासाठी वेगळा रकानाच नव्हता.